पस्तीस दिवस आणि बहात्तर तास

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



या बैठकीसाठी मला विषय दिला आहे, 'त्रिशंकू विधानसभा आणि शेतकरी'. नाव भारदस्त आहे. असं नाव दिलं की वक्त्यानं घटनेची दोन कलमं सांगावीत, दिल्लीतल्या चार पुढाऱ्यांची नावं घ्यावीत आणि खाली बसावं, अशी रीत आहे. मला ते जमायचं नाही. मी २०१९ सालच्या दिवाळीची गोष्ट सांगणार आहे आणि तिच्यातला बराचसा मूर्खपणा माझा स्वतःचा आहे.

ते दिवस तुम्हाला आठवत असतील. २१ ऑक्टोबरला मतदान झालं आणि २४ तारखेला मोजणी. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४, अपक्ष १३ आणि बाकीचे किरकोळ. जागा २८८, सरकारला हवेत १४५. कुणा एकाकडे एवढे नाहीत. भाजप आणि शिवसेना एकत्र लढले होते, त्यांची बेरीज १६१ होत होती. म्हणजे कागदावर हिशेब सुटलेला. पण मुख्यमंत्री कुणाचा, अडीच अडीच वर्षं वाटून घ्यायचं कबूल झालं होतं की नव्हतं, यावर गाडं अडलं ते अडलंच.

मी तेव्हा एका पक्षाचा समर्थक होतो. कोणत्या ते सांगत नाही. सांगितलं तर इथले अर्धे लोक टाळ्या वाजवतील आणि अर्धे उठून जातील, आणि आज मला दोन्ही नको आहे. समर्थक म्हणजे कसा? पद नाही, पैसा नाही, पुढाऱ्याला माझं नावसुद्धा ठाऊक नाही. पण प्रचारात पंधरा दिवस घरचं पेट्रोल जाळलं होतं. तेव्हा निकालानंतर आपला माणूस खुर्चीवर बसलेला डोळ्यांनी पाहायचा, ही एकच इच्छा. सकाळी उठलो की चौकातल्या पानटपरीवर. तिथं टीव्ही. कोण कुणाला भेटलं, कुणाची गाडी कुठल्या बंगल्यात शिरली, कुठले आमदार कुठल्या हॉटेलात नेऊन ठेवले. आम्ही बोटं मोजत बसायचो. एकशे पाचात तेरा मिळवा. छप्पन, चोपन्न आणि चव्वेचाळीस मिळवा. पोरांना पाढे पाठ नसतील, पण १५४ ही बेरीज गावात दुसरीच्या पोरालाही येत होती.

आणि वावरात काय होतं? माझं सात एकर कोरडवाहू. चार एकर कपाशी, तीन एकर ज्वारी, मधून तुरीच्या ओळी. ज्वारी कापून कडपं पाडलेली. कपाशीची पहिली वेचणी तोंडावर आलेली, झाडं पांढरी झालेली. आणि वरून पाऊस. अरबी समुद्रात आधी क्यार नावाचं वादळ उठलं आणि त्याच्यामागून महा नावाचं. समुद्रात महा, मुंबईत महायुती, आणि पुढं आली ती महाविकास आघाडी. सगळीकडे महा, फक्त आमच्या पदरात काही लहानसंसुद्धा पडत नव्हतं.

आमची माय वऱ्हाडातली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाप्पू, मुंबईच्या पंगतीत कोण पाटावर बसते ते मंग पाय. आंधी कडपं उचल, नाई तं कणसाले कोंब येतीन." मी म्हटलं, आज काहीतरी निर्णय होतो, उद्या उचलू. तो उद्या चार दिवसांनी उजाडला. तोपर्यंत कणसांना खरंच कोंब आले होते. दाणा काळा पडला, कडबा कुजला. जनावरांनी तोंड लावलं नाही.

आता पीकविम्याचं. नियम मला माहीत नव्हता असं नाही. कापणी करून वावरात वाळायला पसरलेलं पीक अवकाळी पावसानं भिजलं, तर तेव्हा बहात्तर तासांच्या आत कळवावं लागायचं. पत्रक घरात खुंटीला लटकत होतं. मी पाचव्या दिवशी तालुक्याला गेलो. टेबलामागचा माणूस सभ्य होता, त्यानं पाण्याचा पेलाही पुढं केला. म्हणाला, "काका, तुमची मुदत संपली." मी म्हटलं, "अहो, सरकारच नाही तर मुदत कसली?" तो म्हणाला, "मुदतीला सरकार लागत नाही."

भावांनो, हे वाक्य मी विसरलो नाही. २४ ऑक्टोबर ते २८ नोव्हेंबर हे पस्तीस दिवस होतात. तास काढले तर आठशे चाळीस. राज्य कुणी चालवायचं हे ठरवायला पुढाऱ्यांनी आठशे चाळीस तास घेतले आणि त्याची त्यांना कुणी मुदत घातली नाही. विधानसभेची मुदत ९ नोव्हेंबरला संपली, १२ तारखेला राष्ट्रपती राजवट लागली, तरी बोलणी चालूच. मला मात्र भिजलेली ज्वारी कळवायला बहात्तर तास. आणि त्या बहात्तर तासांत मी त्यांचे आठशे चाळीस तास मोजत बसलो होतो.

इथं कुणी म्हणेल, सरकार नव्हतं म्हणून शेतकरी वाऱ्यावर पडला. हे अर्धंच खरं आहे. मुख्यमंत्री नसला तरी तलाठी असतो, कृषी सहायक असतो, तहसीलदार असतो. पंचनामा त्यांनीच करायचा असतो. त्यासाठी कुणाचा शपथविधी व्हावा लागत नाही. जाणाऱ्या सरकारनंही २ नोव्हेंबरला दहा हजार कोटींची तरतूद जाहीर केली होती. काळजीवाहू सरकारला नवं धोरण घेता येत नाही, पण आपत्तीतली मदत थांबत नाही. जे थांबलं होतं ते आपलं डोकं. आपण धरून चाललो की मुंबईचं मिटल्याशिवाय इथं काही हलणार नाही. ज्या गावांनी तसं धरलं नाही, तिथं चार माणसं तलाठ्याला घेऊन बांधोबांध फिरली आणि त्यांचे पंचनामे वेळेत झाले.

आता मदतीचा आकडा ऐका, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

नुकसान ३३ टक्क्यांहून जास्त असेल तर कोरडवाहू पिकाला हेक्टरी ६,८०० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, हा त्या वेळचा आपत्ती निवारणाचा ठरलेला दर होता. त्याला ना युती लागत होती, ना आघाडी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सगळ्याच पक्षांचे पुढारी बांधावर आले. चिखलात उभं राहून फोटो निघाले. त्यात उद्धव ठाकरे यांनी मागणी केली, हेक्टरी २५ हजार द्या. मागणी रास्त होती. १६ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवटीत राज्यपालांनी जाहीर केलं, खरीप पिकांना हेक्टरी ८ हजार, फळबागांना १८ हजार, दोन्हीकडे मर्यादा दोन हेक्टर. म्हणजे ठरलेल्या दरावर आमच्यासाठी बाराशे रुपये जास्त. एकराला सव्वातीन हजार पडतात. त्या साली बीटी बियाण्याची थैली ७३० रुपयांना होती. एकराला दोन थैल्या धरा आणि उरलेल्या पैशात खत, फवारणी, निंदण आणि वेचणी कशी बसते ते घरी जाऊन करून पाहा.

२८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर शपथ झाली. ज्यांनी २५ हजार मागितले होते तेच मुख्यमंत्री झाले. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं तेव्हा २५ हजारांची मागणी करत कोण उभं राहिलं? भाजपचे आमदार. महिन्याभरापूर्वी राज्य त्यांच्याकडे होतं तेव्हा हा आकडा त्यांना परवडत नव्हता. आणि ज्यांनी आकडा उच्चारला होता, त्यांना आता तिजोरी दिसू लागली होती. आठ हजारांचे आठ हजारच राहिले. मी कुणा एकाला नावं ठेवत नाही. खुर्ची बदलली की आकड्यांचे मालक बदलतात, एवढं आपण डोळ्यांनी पाहिलं.

मग या सगळ्यात आपल्याला काही करता आलं असतं का? माझ्या मते आलं असतं, आणि ते करायची वेळ तीच होती, आपण पानटपरीवर बसलो होतो ती.

आघाडी कशी जमते ते बघा. आधी पदांचं बोलणं होतं, ते दाराआड. पण वेगवेगळ्या विचारांचे पक्ष एकत्र यायचे असले की त्यांना लोकांना दाखवायला एक कागद लागतो. त्याला म्हणतात किमान समान कार्यक्रम. १४ नोव्हेंबरला तिन्ही पक्षांचे लोक मुंबईत बसले आणि त्यांनी या कागदाचा मसुदा केला. २८ तारखेला शपथेच्या दिवशी तो जाहीर झाला. त्यात पहिला भाग शेतकऱ्यांचा. अवकाळी पाऊस आणि पुरानं नुकसान झालेल्यांना तातडीनं मदत. तातडीनं कर्जमाफी. पीकविमा योजनेत दुरुस्ती. शेतमालाला रास्त भाव. दुष्काळी भागाला पाण्याची सोय. वाचायला सुंदर. पण त्यात हेक्टरी किती, हे नाही. किती हेक्टरपर्यंत, नाही. कोणत्या तारखेपर्यंत, नाही. 'तातडीनं' हा शब्द आहे. तातडीला आकडा नसतो. बांधावर २५ हजार बोलले गेले, कागदावर आले नाहीत. मुंबईत मसुदा होत होता तेव्हा आपल्या जिल्ह्यातून किती ठराव गेले? मी चौकशी केली आहे. एकही नाही. माझ्या गावातून तर नाहीच. आम्ही शपथविधीला कोणत्या गाडीनं जायचं याची वर्गणी गोळा करत होतो.

जे कागदावर स्पष्ट मागून घेतलं जातं ते निदान हलतं. कर्जमाफीचंच घ्या. ती तिन्ही पक्षांनी प्रचारात आणि कागदात धरली होती, म्हणून २१ डिसेंबरला, शपथेनंतर महिन्याच्या आत, महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. दोन लाखांपर्यंतचं थकीत पीककर्ज माफ. पण जो नेटानं कर्ज फेडत होता त्याचं काय? दोन लाखांच्या वर थकबाकी होती त्याचं काय? त्यांच्यासाठी त्या घडीला काही नव्हतं. नियमित फेडणाऱ्यांना पन्नास हजार प्रोत्साहन देऊ, असं २०२० च्या अर्थसंकल्पात सांगितलं गेलं. प्रत्यक्ष पैसे जमा व्हायला लागले २०२२ साली, आणि तोवर ते सरकारही गेलं होतं. आमच्या गावातल्या एका विधवा बाईनं २०१९ साली गळ्यातलं विकून सोसायटी भरली होती. तीन वर्षं ती मला विचारत राहिली, "भाऊ, फेडलं ते चुकलं का?" तिला मी काय उत्तर देणार? पहिल्याच कागदात एक ओळ घातली असती तर तिला तीन वर्षं थांबावं लागलं नसतं.

हे त्याच दिवसांत का मागायचं? कारण बहुमत नसतं तेव्हा एकेका आमदाराची किंमत असते. तेरा अपक्षांना त्या महिन्यात किती फोन गेले असतील त्याचा अंदाज करा. एरवी ज्याला मंत्रालयात कुणी चहा विचारत नाही, त्याच्या दारात मोठमोठ्या गाड्या उभ्या राहतात. तो आमदार कुणाच्या मतांवर निवडून आला? तुमच्या माझ्या. मग त्याच्या दारात सगळ्यांच्या गाड्या उभ्या असताना आपल्या तालुक्याची बैलगाडी का नसावी? तो ज्या दिवशी पाठिंब्याच्या पत्रावर सही करतो, त्या दिवसापर्यंत तो आपला असतो. सही झाली की तो सरकारचा. शपथेनंतर आपण मोर्चा घेऊन गेलो तर निवेदन स्वीकारतात, फोटो काढतात आणि पाठवून देतात. शपथेआधी गेलो तर बसवून घेतात.

आपल्याला अडवतं काय, तर आपलं समर्थकपण. समर्थकाला वाटतं, आत्ता काही मागितलं तर आपला माणूस अडचणीत येईल, आधी तो बसू दे. आणि समोरच्या पक्षाकडे तर तो जातच नाही, तो शत्रू. पण पुढारी एकमेकांना शत्रू मानतात का?

इतिहास पाहा. १९७८ साली रेड्डी काँग्रेस आणि इंदिरा काँग्रेस एकमेकांविरुद्ध लढल्या, जनता पक्षाच्या ९९ जागा आल्या, आणि या दोन काँग्रेस एकत्र बसल्या. वसंतदादा मुख्यमंत्री, तिरपुडे उपमुख्यमंत्री. ते चार महिने टिकलं. १९९९ साली काँग्रेस आणि राष्ट्रवादी गावोगाव भांडल्या. निकाल लागला ६ ऑक्टोबरला, ७५ आणि ५८. बारा दिवसांत दोघं एका मंत्रिमंडळात. २०१९ चं तर सगळ्यांना तोंडपाठ आहे. २३ नोव्हेंबरला पहाटे पावणेसहाच्या सुमाराला राष्ट्रपती राजवट उठली, आठ वाजायच्या आत देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांची शपथ झाली. आमच्या गावात एका टोळीनं त्या सकाळी फटाके फोडले. २६ तारखेला न्यायालयानं दुसऱ्याच दिवशी बहुमत सिद्ध करा म्हटलं, दोघांनी राजीनामे दिले, आणि दुसऱ्या टोळीनं फटाके फोडले. दुकानदार एकच. दिवाळीतला उरलेला माल त्यानं दोनदा विकला. त्या महिन्यात गावात फायदा झाला तो त्याचाच.

नुकसान मोजलं तर वेगळं निघतं. आमच्या गावात दोघे शेजारी आहेत. एकाच विहिरीवर दोघांची पाळी. निवडणुकीत दोघं एकाच जीपमध्ये बसून युतीचा प्रचार करत होते. नोव्हेंबरात दोघांचं बोलणं बंद झालं. पाण्याच्या पाळीवरून हाणामारी झाली, केस झाली. पुढं जून २०२२ ला शिवसेना फुटली, जुलै २०२३ ला राष्ट्रवादी फुटली, आणि दोघांचे पुढारी पुन्हा एका मंत्रिमंडळात बसले. हे दोघं अजून तारखेला तालुक्याच्या कोर्टात वेगवेगळ्या एसटीनं जातात.

कुणी म्हणेल, हे सगळं त्रिशंकू निकालाचं झालं, स्पष्ट बहुमत आलं की प्रश्न मिटला. नाही मिटत. २०२४ साली महायुतीला दोनशे तीसच्या वर जागा मिळाल्या. निकाल २३ नोव्हेंबरला, शपथ ५ डिसेंबरला, खातेवाटप २१ डिसेंबरला. शेतीमंत्री कोण हे कळेपर्यंत कपाशीच्या दोन वेचण्या होऊन जातात. आणि कपाशीचा बाजार तर याच दिवसांचा. २०१९ साली लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ५,५५० होता. पण सीसीआय बारा टक्क्यांपेक्षा जास्त ओल असलेला कापूस घेत नाही. त्या पावसात भिजलेल्या कापसात बारा टक्के ओल कुठून राहणार? तो गेला व्यापाऱ्याच्या काट्यावर, तो म्हणेल त्या भावानं. ओलीची अट त्या वर्षापुरती सैल करा, किंवा त्या कापसाला वेगळा दर ठरवून द्या, ही मागणी कोणत्याही पक्षाच्या बोलण्यात मी ऐकली नाही. ती त्यांना सुचणार कशी? कापूस त्यांनी वाळत घातलेला नाही. ती आपल्याच तोंडून जायला हवी होती.

तेव्हा माझं म्हणणं असं. पक्ष सोडा, असं मी सांगत नाही. ज्याला ज्याचा झेंडा प्यारा आहे त्यानं तो घरावर लावावा. पण निकाल लागला आणि बोलणी सुरू झाली की त्या दिवसांपुरता समर्थक बाजूला आणि शेतकरी पुढे. तालुक्याची बैठक निकालाच्या तिसऱ्या दिवशी. बहात्तर तासच धरा, आपल्या सवयीचे आहेत. एकच ठराव, आणि तोच सगळ्या पक्षांच्या आमदारांना आणि अपक्षांना. निवडून आलेल्याला आणि पडलेल्यालाही, कारण पडलेल्याचा पक्ष उद्या सरकारात असू शकतो. आमदाराकडे जाताना त्याच्या पक्षाचे दोन आणि विरोधी पक्षाचे दोन समर्थक बरोबर न्यायचे. त्यानं पोच म्हणून सही करायची. नाही केली तर कुणी नाही केली त्याची यादी याच पत्रिकेत छापायची.

आणि दुसरी तुकडी त्याच दिवशी वावरात. ज्याचं पीक भिजलं त्याची विम्याची सूचना, पंचनामा, फोटो, पोचपावती. हे काम टीव्ही पाहणाऱ्यांकडे देऊ नका. आमच्या गावात आता ते मायबहिणींच्या गटाकडे आहे. आमची माय त्या गटात आहे आणि सगळ्यांत आधी ती माझंच वावर पाहून येते.

ठरावाचा मसुदा मी करून आणला आहे, प्रती तालुकाप्रमुखांकडे आहेत. आपत्तीतली मदत हेक्टरी किती, ती किती हेक्टरपर्यंत, आणि शपथेपासून किती दिवसांत. नियमित कर्ज फेडणाऱ्याला काय. भिजलेल्या कापसाची आणि काळ्या पडलेल्या ज्वारीची खरेदी कोणत्या दरानं. विम्याच्या सूचनेला मुदत किती. आकड्यांच्या जागा मी मोकळ्या सोडल्या आहेत. माझा आकडा घालून तुमच्या सह्या घेतल्या तर तोही पुढाऱ्यासारखाच प्रकार होईल. जेवणाच्या सुट्टीत तालुक्यानुसार बसा, आपापल्या खर्चाचा हिशेब मांडा आणि तीन वाजेपर्यंत कागद भरून इथं टेबलावर आणून द्या.